संगणकाच्या नियोजनात एक रकाना वाढवला

जूनमध्ये हेडसरांनी फर्मान काढलं : संगणक कक्षाला नुसतं कुलूप नको, सगळ्या विषयांच्या वार्षिक नियोजनात संगणक दिसला पाहिजे. कागद जमा झाले तर भाषा असो की गणित, सगळीकडे एकच ओळ : 'व्हिडिओ दाखवणे'. मग घरचा टीव्ही काय वाईट?

संकलन माझ्याकडे होतं. मी एक रकाना वाढवला, 'मूल स्वतः काय करणार?' तो भरताना बरेच व्हिडिओ आपोआप गळाले. इतिहासाच्या सरांना सुवर्णदुर्ग दाखवायचा होता. आम्ही हर्णैचे, तो तर बंदरावरून रोजच दिसतो! पण उपग्रह नकाशावर किनाऱ्यावरचे गोवा, कनकदुर्ग, फत्तेगड हे किल्ले शोधून सुवर्णदुर्गापासूनची अंतरं मुलांनी मोजायची असं ठरलं, तेव्हा तो तास नियोजनात टिकला.

खरी मजा भूगोलात आली. सातवीला भरती-ओहोटी आहे, आणि इथल्या जुन्या माणसांचा हिशेब पाऊणकीचा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुलांनी तेच सूत्र स्प्रेडशीटमध्ये घातलं. पंचमीला उत्तर आलं 3.75.

"बाई, तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटं?"

गणिताच्या सरांचा दशांश अपूर्णांकाचा तास तिथेच सुरू झाला. शेजारच्या रकान्यात भरतीच्या छापील तक्त्यातल्या वेळा भरून आलेख काढला, तर दोन्ही रेषा जवळून जातात, पण एकीवर एक बसत नाहीत. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, हिशेबात धरलीत 45. एका मुलीच्या आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "होडी काढायला तेवढं पुरतं, बाई."

वेळापत्रक मात्र पावसाने ठरवलं. लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून नोंदी वहीत आणि संगणकावरचं काम गणपतीनंतर. खाऱ्या, दमट हवेत यंत्रं बंद ठेवलीत तर गंजतात, तेव्हा लाईट असेल त्या दिवशी थोडा वेळ तरी चालू करायची. एका यंत्रावर तिघं : एक टाइप करणार, एक वाचून दाखवणार, एक तपासणार, अर्ध्या तासिकेत जागा बदलायच्या.

इंग्रजीच्या बाईंनी रकाना कोराच दिला. त्यांचं म्हणणं, मुलं आधी तोंड उघडून बोलू देत. मला पटलं. कोरा रकाना तसाच पुढे गेला, हेडसरांनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली.