सीरतचा जलसा, चिठ्ठ्यांचा खोका आणि बिनमटणाचा दालचा

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, सांगितलं की लगेच कोण कुणाचा ते शोधायला लागतात लोक. तर आमच्या मंडळाचा दरवर्षी रबीउल अव्वल महिन्यात सीरतचा जलसा असतो, सीरत म्हणजे पैगंबरसाहेबांचं चरित्र, आणि त्यांच्या जन्माचा महिना तो. आता मिलाद, म्हणजे त्यांची जयंती, साजरी करावी का नाही यावरनं आमच्यातच दोन तट, एक म्हणतो जुलूस काढा, दुसरा म्हणतो हे सगळं नंतर घुसडलेलं आहे, म्हणून मंडळातल्या जुन्या जाणत्यांनी डोकं लावलं आणि कार्यक्रमाला सीरतचा जलसा म्हणून टाकलं, चरित्र ऐकायला कोण नाही म्हणणार? दोन्ही तटांचे लोक यायचे, बसायचे फक्त वेगवेगळ्या कोपऱ्यात.

इस्लामी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं त्यामुळं जलसा सगळे ऋतू फिरून आलाय. १९९८ ला जुलैत आला, शाळेच्या पटांगणातला मंडप गळत होता आणि लोक सतरंज्या डोक्यावर घेऊन भाषण ऐकत होते. २००८ ला होळी, गुड फ्रायडे आणि मिलाद सगळं मार्चच्या एकाच दोन दिवसांत, बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांचे हाल बघवत नव्हते. त्याच्या पुढच्या मार्चला दहावीची परीक्षा, म्हणून भोंगा बंद, साधा एक स्पीकर, तोही मंडपापुरता, मागच्यांना काहीच ऐकू येईना तर ते सरळ दालच्याच्या वासाकडं सरकले.

दालच्याचं सांगायलाच पाहिजे. जलशाला गावातले हिंदू शेजारी, शिक्षक, व्यापारी सगळ्यांना बोलावणं असायचं, त्यामुळं त्या रात्री बगारा खाना, म्हणजे फोडणीचा भात, आणि दालचा, म्हणजे डाळीचं आंबट कालवण, पण दालच्यात मटण नाही, दुधी भोपळा. मोठ्या देगीत, चिंच सढळ हातानं. आमच्यातले काही जण दरवर्षी कुरकुर करायचे की भोपळ्याचा कुठं दालचा असतो का, आणि तेच तिसऱ्यांदा ताट घेऊन रांगेत उभे दिसायचे.

पण जलशाची खरी मजा भाषणात नव्हतीच, भाषणं काय सगळीकडं असतात. मजा होती खोक्यात. बिस्किटाचा रिकामा खोका, वर चीर पाडलेली, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, इस्लामबद्दल, मुसलमानांबद्दल काय वाट्टेल ते विचारा. आमचे एक मराठीचे सर चिठ्ठ्या वाचायचे, शुद्धलेखनाच्या चुका मनातल्या मनात सुधारत, आणि मौलानासाहेब उत्तर द्यायचे. मौलाना मराठी माध्यमात शिकलेले, मदरशात नंतर गेले, त्यामुळं आयत, म्हणजे कुरआनातलं वचन, सांगून झाली की लगेच आपल्या बोलीत येणार. काही चिठ्ठ्या खोचक असायच्या, काही सरळ शिव्या. सर त्या पण वाचायचे, फक्त शिवीच्या जागी खोकायचे. एखाद्या चिठ्ठीला खोकलाच जास्त!

बंदोबस्तातल्या एका हवालदारांनी एकदा चिठ्ठी टाकली, नंतर स्वतःच सांगितलं म्हणून कळलं. प्रश्न होता, मशिदीत आत असतं काय? हा माणूस कितीतरी शुक्रवार मशिदीच्या दाराशी ड्युटीला उभा, पण आत कधी पाय टाकला नव्हता, आणि आत हत्यारं ठेवलेली असतात असं काय काय ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी मंडळानं जो येईल त्याला मशीद दाखवली. काय दिसलं? फरशी, पंखे, भिंतीत इमामसाहेबांची कोनाड्यासारखी जागा, बाजूला खुतब्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाच्या, तीन पायऱ्या, पाच नमाजांच्या वेळा दाखवणारी घड्याळं आणि दाराजवळ प्लास्टिकच्या टोप्यांची टोपली. हवालदार सगळीकडं बघून म्हणाले, "एवढंच होय?" थोडेसे नाराज झाले का काय असं वाटलं मला. तेव्हापासून मशीद दाखवणं कार्यक्रमात कायमचं घेतलं.

चार बायकांची चिठ्ठी तर दरसाल ठरलेली. मौलाना सांगायचे की कुरआनातल्या सूरह निसा या अध्यायात परवानगी आहे पण तिथंच अट आहे, न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच, आणि त्याच सूरहत पुढं म्हटलंय की कितीही मनात आणलं तरी बायकांमध्ये पुरता न्याय तुमच्याच्यानं होणार नाही. एका वर्षी सरांनी उगाच विचारलं, इथं दोन बायकावाले कोण आहेत, हात वर करा. पुढच्या खुर्चीवरचे एक माजी सरपंच, ज्यांचे दोन संसार सगळ्या गावाला माहीत, एकदम चपलेकडं बघायला लागले, आणि ते काही मुसलमान नव्हते. मंडप हसून हसून लोळला. अलीकडं मंडळातली पोरं सरकारी आकडेच काढून आणतात, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या बायका मुसलमानांत १.९ टक्के आणि हिंदूंत १.३ टक्के. आकडा ऐकून दोन्ही बाजू जरा गप्प होतात, म्हणजे दोघांनाही तो आपल्याला हवा तसा नसतो.

कॉलेजच्या पोरींच्या चिठ्ठ्या वेगळ्याच. नोकरी केलेली चालते का? मौलाना म्हणाले पैगंबरसाहेबांच्या पत्नी खदीजाबी स्वतः व्यापारी होत्या, पैगंबरसाहेब त्यांचा माल घेऊन सीरियाला गेले होते, आणि लग्नाचा निरोप पण त्यांच्याचकडनं गेलेला. पोरी ऐकत होत्या आणि त्यांचे बाप पण ऐकत होते, ते जास्त महत्त्वाचं.

आता जे सांगतो ते बायकांच्या बाजूचं. सुरुवातीला मधे जाडजूड पडदा असायचा, मग तो दरवर्षी थोडा थोडा बाजूला सरकत गेला, कुणी ठरवून नाही, खांब हलवताना असेल. चिठ्ठ्या त्या बाजूनं पेन्सिलीनं लिहिलेल्या यायच्या. तलाकची चिठ्ठी हमखास. औरंगाबाद खंडपीठानं २००२ ला निकाल दिला की नुसतं तलाक दिला म्हणून चालणार नाही, कारण पाहिजे, आधी समेटाचा प्रयत्न झाल्याचं दाखवलं पाहिजे, त्यानंतरच्या जलशाला वकीलसाहेबांना बोलावलेलं. ते कायदा सांगत होते आणि मौलाना मधे मधे आयत, की नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक असे दोन पंच बसवा असं कुरआनातच आहे. काही म्हातारे उठून गेले. २०१७ ला ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं एका दमात तीन तलाक रद्द केला, त्या डिसेंबरच्या जलशाला मात्र उठून जायला कुणी उरलं नव्हतं, का थंडी होती म्हणून शालीत गुंडाळून बसले होते कोण जाणे.

पण तलाकपेक्षा जास्त गडबड उडवली ती एका खालांनी, म्हणजे मावशींनी. साठीच्या, शाळा न शिकलेल्या. चिठ्ठी लिहिता येत नाही म्हणून सरळ माईक मागितला, आणि म्हणाल्या, "मौलाना, बेटी का हिस्सा बोलते तुम. भाई लोगां तहसील में लेजाके साइन लेलेते, फिर हिस्सा कायका?" मंडपात कुजबुज सुरू. हक्कसोड पत्र म्हणजे आमच्याकडं घरोघरची गोष्ट, बाप गेला की चाळिसाव्याच्या आत बहिणींच्या सह्या, वर एक साडी. मौलानांनी सांगितलं की आईबापानं जे मागं ठेवलं त्यात बायकांचा हिस्सा आहे, थोडं असो की जास्त, ही आयत आहे, हा भावाचा उपकार नाही. मुलाच्या निम्मा का, असं पण कुणीतरी विचारलं, त्यावर मौलाना म्हणाले की मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, आणि घरखर्च पुरुषाच्या डोक्यावर टाकलाय म्हणून. तेवढ्यात खाला परत उठल्या, "वो निम्मा तो देव पयले!" टाळ्या पडद्याकडनं सुरू झाल्या, आणि पाठोपाठ हिंदू बायकांकडनंही, कारण हक्कसोड काय फक्त आमच्यातच नसतं. मग मौलाना पण पेटले, जोड्याच्या पैशावर, म्हणजे हुंड्यावर, घसरले, मेहर उधार आणि जोडा रोख हा कुठला धर्म म्हणून.

पुढच्या वर्षी वर्गणी कमी जमली. माझ्या मते तोच आमचा सगळ्यात चांगला जलसा.

बचत गटाच्या व्याजाचा प्रश्न पण बायकांच्याच बाजूचा. व्याज हराम हे सगळ्यांना पाठ, पण मौलानांनी त्याच्या पुढची आयत सांगितली, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडूनच दिलंत तर आणखी चांगलं. मागनं एक शेतकरी काका ओरडले, "हे आमच्या सावकाराला सांगा की!"

डिसेंबर २०१५ चा जलसा दुष्काळातला. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, म्हणजे बघा. त्या वर्षी भाषण नकोच म्हणाले मौलाना, एक तांब्या आणि परात मागवली. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूत, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यात, पाणी वाया घालवू नका अशी हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांची शिकवण, आहे, आणि पैगंबरसाहेब एक मुद्द, म्हणजे लिटरभरापेक्षा कमी पाण्यात वजू करायचे. मौलाना स्टेजवर मांडी घालून बसले, बाह्या वर केल्या. हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरनं ओला हात, पाय. घाई नाही. पोरं स्टेजला लोंबकळून बघतायत. झाल्यावर तांब्या उलटा केला तर तळाचं घोटभर पाणी परातीत पडलं. ते परातीतलं पाणी एका पोरानं नेऊन शाळेच्या कडुनिंबाला घातलं. त्याच आठवड्यात मशिदीच्या नळाच्या तोट्या बदलल्या, बारीक धारेच्या बसवल्या, आणि नमाजी अजून त्या तोट्यांना नावं ठेवतात.

आता प्रश्न व्हॉट्सअपवर मागवतात. खोका आहे पण चिठ्ठ्या कमी येतात, कारण व्हॉट्सअपवर नंबर दिसतो आणि नंबर दिसला की लोक सभ्य प्रश्न विचारतात, त्यात काय दम नाही. सर रिटायर झाले तरी येतात, म्हणतात मला ते खोकायचे प्रश्न पाहिजेत. २०२६ ला जलसा ऑगस्टच्या शेवटी येतोय, भर पावसात, त्यामुळं मंडपापेक्षा पत्र्याची शेड बघा असं ठरलंय, खोका प्लास्टिकचा आणा असंही ठरलंय, आणि दालच्यावरनं यंदाही मीटिंगमध्ये भांडण झालं, भोपळाच जिंकला.