लिहिताना कोणतं गाणं लावता?

कथालेखनाच्या कार्यशाळेत चहाची सुट्टी झाली की हा प्रश्न ठरलेला. "लिहायला बसताना तुम्ही कोणतं गाणं लावता?" काही जण तर सरळ यादीच मागतात. दुःखाच्या प्रसंगाला कोणतं, पावसाला कोणतं. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगूनच टाकते.

लिहिताना मी काहीही लावत नाही. पंख्याची घरघर तेवढी पुरे. शब्द असलेलं गाणं तर मुळीच नको. अर्धा तास भावगीतं ऐकून कागदाकडे वळलं की आपल्या वाक्यांत दुसऱ्या कुणाचं तरी चांदणं सांडायला लागतं. शिवाय गाण्यानं डोळ्यांत पाणी आलं की आपण लिहिलेलंच फार चांगलं उतरलंय असं वाटायला लागतं. ते पाणी गवयाच्या कमाईचं असतं, आपल्या नव्हे.

पण गाणं ऐकल्याशिवाय माझी कथा रचली जात नाही, हेही तितकंच खरं. ऐकायची वेळ वेगळी आणि लिहायची वेगळी, एवढंच. ऐकताना माझं लक्ष असतं ते गवयानं काय आधी पुढे केलं, काय मागे राखलं आणि कुठे किती वेळ मुक्काम केला याकडे.

मारव्याचंच घ्या. मारवा, पुरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत पंचम वर्ज्य (म्हणजे लावायचाच नाही), रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि बाकीचे स्वर शुद्ध. सामान तेच. पण मारव्याचा भर रिषभ-धैवतावर, पुरिया गंधार-निषादाकडे झुकतो आणि खाली मंद्रात रमतो, तर सोहनी बहुतेक वेळ वर, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या आसपास खेळते. तेवढ्यानं मारवा दिवेलागणीचा, बेचैन होतो आणि सोहनी उत्तररात्रीची, चंचल. माझी कथा अडली की घटना बदलायच्या आधी मी हेच करून बघते. पात्रं तीच ठेवायची, प्रसंग तोच ठेवायचा, आणि भर धाकट्या जावेवरून काढून सासूवर द्यायचा. पुष्कळदा तेवढ्यानं गाडी हलते. (नाही हलली तर ती कथा फाडायच्या लायकीची असते, असा माझा तरी अनुभव.)

मारव्याची खरी खुबी मात्र षड्जात आहे. षड्ज म्हणजे घर, सगळी गाणी शेवटी तिथेच येऊन टेकतात. मारवा गाणारा तिथे टेकायचंच टाळतो. निषादावरून निघून 'नि रे ग' असा षड्जाला डावलून जातो, रिषभावर रेंगाळतो, आणि षड्ज लावलाच तर ओझरता. उस्ताद अमीर खाँसाहेबांची एलपी आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. त्यातला झूमरा तालातला विलंबित ख्याल ऐका. १४ मात्रांचं ते संथ आवर्तन, सगळं कसं निवांत, आणि तरी ऐकणाऱ्याला स्वस्थता म्हणून नाही.

आता त्यामागचा तानपुरा ऐका. मी मूळची मिरजेची, सतारमेकर गल्लीवरून जाण्या-येण्यातली, त्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो. तानपुऱ्याला तारा चार. पहिली एरवी पंचमात असते. मारव्यात पंचमच नाही म्हणून ती बहुधा निषादात लावतात. मधल्या दोन जोडाच्या आणि शेवटची खर्जाची, या तिन्ही षड्जात. म्हणजे गवई ज्या स्वराला टाळतोय, तोच त्याच्या पाठीशी अखंड वाजतोय. हे लक्षात आलं त्या दिवसापासून माझ्या कथांची बांधणीच बदलली.

मागे मी वडिलोपार्जित घर रिकामं करणाऱ्या तीन भावंडांची कथा लिहिली. घर विकावं लागतंय ते थोरल्याच्या कर्जापायी, आणि हे तिघांनाही ठाऊक आहे. अख्ख्या कथेत 'कर्ज' हा शब्द येत नाही. ताई पितळी डबे पुसत बसते. धाकटा विचारतो, "दादा, रेडिओ तू नेतोस?" दादा म्हणतो, "तूच ने. ठेवू कुठे मी?" मग बराच वेळ चर्चा कसली, तर कपाट जिन्यातून कसं उतरवायचं याची.

एवढ्यावर भागत नाही. वाचकाला षड्ज सतत ऐकू यायला हवा, त्यासाठी तारा लावाव्या लागतात. घर दाखवायला आलेला दलाल फक्त दादाशीच बोलतो, तेही आवाज खाली आणून. वहिनी चहा देते तेव्हा तिच्या हातात पाटल्या नसतात; धाकट्याची नजर तिथे जाते आणि तो उगाच सुतळी शोधायला उठतो. या तारा ढिल्या राहिल्या की वाचक म्हणतो, "नेमकं काय चाललंय ते कळलं नाही." अशा वेळी वाचकाचंच बरोबर असतं.

लांबीचं म्हणाल, तर तिथे जुन्या तबकड्या कामाला येतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "दीड हजार शब्दांत बसवा" म्हटलं की मी त्या ऐकते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली ती केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच. मैफलीत एकेक राग तास तास गाणाऱ्या त्या बाई! प्रस्तावनेला जागा नाही म्हणून कुणी कुरकुरलेलं तिथे ऐकू येत नाही.

"पण आम्हाला राग ओळखता येत नाहीत," असं पुढे कुणीतरी म्हणतंच. नाही आले तरी चालतात. माझी स्वतःची पुंजी म्हणजे लहानपणी पेटीवर घोटलेले अलंकार. एकच चीज दोन-तीनदा ऐका. शब्द सोडून द्या, आणि गवई फिरून फिरून कुठे येतो आणि कुठे जायचं टाळतो, एवढंच बघा. शेजारी कागद-पेन नको.

संवादांना मात्र या सगळ्याचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी मी मिरज-सांगली बस पकडते, मागच्या बाजूला जागा धरते आणि कानात काहीही न घालता बसते.