‘मग तुझं औषध कधी निघणार?’

मी फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधं शरीरात कशी काम करतात याच्या अभ्यासात आहे म्हटलं की घरच्यांना वाटतं, मी औषधं देते. गेली २५ वर्षं फोनवर कुणी ना कुणी गोळीचं नाव वाचून दाखवतं आणि विचारतं, ही रिकाम्या पोटी चालेल का? मला खरंच ठाऊक नसतं. मी देश सोडून आले ती एका रेणूच्या मागे, आणि त्या रेणूवरचं औषध माझ्या हातून काही निघालेलं नाही. परवा मावशीने सरळच विचारलं, “अगं, मग तुझं औषध कधी निघणार?” तेव्हा हसून विषय बदलला. तिला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय.

रेणूचं नाव सबस्टन्स पी. बारसं करायला कुणाला वेळ मिळाला नसावा असं नाव आहे, आणि प्रकार साधारण तसाच घडला. १९३१ मध्ये लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम घोड्याच्या मेंदूचा आणि आतड्याचा अर्क काढून बघत होते. त्या अर्काने सशाचा रक्तदाब उतरायचा आणि सशाच्या आतड्याचा तुकडा आखडायचा. अ‍ॅट्रोपिन हे अ‍ॅसिटिलकोलिन या आधीच ओळखीच्या रासायनिक निरोप्याला अडवतं; ते दिलं तरी आखडणं थांबेना, म्हणजे हे अ‍ॅसिटिलकोलिन नव्हतं. नोंदींमध्ये त्या पावडरीपुढे नुसतं ‘पी’ लिहिलेलं होतं, तेच नाव झालं. पुढची ४० वर्षं हा ‘पी’ म्हणजे नेमकं काय, याचा पत्ता लागला नाही. लागला तोही आडवाटेने. सुझन लीमन गाईच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या एका भागात, ताणाशी संबंधित एक वेगळंच संप्रेरक शोधत होत्या. अर्काचा एक भाग टोचला तेव्हा उंदरांच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दुसऱ्या कुणी ‘चुकीचा भाग’ म्हणून तो ओतून दिला असता. बाई त्या लाळेच्या मागे गेल्या आणि १९७१ मध्ये ११ अमिनो आम्लांची माळ, म्हणजे पेप्टाइड, उलगडून मोकळ्या झाल्या. आमच्या क्षेत्रातली ही गोष्ट मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते, आणि दरवर्षी सांगताना मला लीमनबाईंचा थोडा हेवा वाटतो.

मी आले तेव्हा पहिले तीन महिने माझ्या वाट्याला ऑर्गन बाथ आला. ३७ अंशांवरचं क्षारांचं पाणी, त्यात सतत बुडबुडणारा ऑक्सिजन, आणि मधोमध दोऱ्याने टांगलेला गिनी पिगच्या आतड्याचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा. तो अर्धा तास स्थिरावू द्यायचा. मग सबस्टन्स पीचा थेंब. काही सेकंदांत तुकडा आखडतो आणि कागदावरची रेघ उभी चढते. या पेप्टाइडांच्या घराण्याला टॅकिकायनिन म्हणतात, म्हणजे झटपट हलवणारी, ते का हे त्या रेघेकडे बघून कळतं. मग पाणी बदलून तुकडा धुवायचा आणि थांबायचं. घाईने दुसरा थेंब टाकला तर रेघ अर्धीसुद्धा चढत नाही, कारण पेशीवरचं जे प्रथिन हा पेप्टाइड ओळखून धरतं, तो रिसेप्टर अजून बधिर असतो. या बधिरपणावरच पुढे माझी सगळी नोकरी उभी राहिली.

रिसेप्टरला मराठीत ‘ग्राही’ म्हणतात. लॅबमध्ये मी तो शब्द कधी वापरला नाही, पण आईला एकदा सांगितला तर तिला फार आवडला. “ग्रहण करणारा,” ती म्हणाली, “मग अवघड काय आहे त्यात?”

अवघड काय असतं, ते मला एका नळीने शिकवलं. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, दुसऱ्या वर्षी मी रिसेप्टरमधलं एक अमिनो आम्ल बदललं होतं, आणि बदललेल्या रिसेप्टरला सबस्टन्स पी कमी घट्ट धरतो असं दिसत होतं. आलेख सुंदर होते. फक्त दर आठवड्याला ते थोडे आणखी उजवीकडे सरकत, म्हणजे तेवढाच परिणाम मिळवायला जास्त पेप्टाइड लागे. मी त्यालाही एक स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. आठ महिने गेले, शोधनिबंधाचा मसुदा झाला. तेव्हा लॅबमधला जुना तंत्रज्ञ माझ्या टेबलापाशी थांबला आणि त्याने एकच प्रश्न विचारला: पातळ करतेस ते कुठल्या नळीत?

साध्या नळीत. सबस्टन्स पीच्या एका टोकाला धन प्रभार असतो, दुसरं टोक तेलकट. असं पेप्टाइड काचेला आणि प्लास्टिकला जाऊन चिकटतं, आणि द्रावण जितकं पातळ तितका चिकटून वाया जाणारा वाटा मोठा. शिवाय शेवटचं अमिनो आम्ल मेथिओनिन. हवेने त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि पेप्टाइडचा जोर उतरतो, आणि माझी मूळ बाटली तर महिनोन्‌महिने उघडझाप होत होती. पातळ करायच्या द्रावणात चिकटणं टाळायला चिमूटभर अल्ब्युमिन हे प्रथिन, न चिकटणाऱ्या नळ्या आणि ताजी बाटली घेऊन प्रयोग पुन्हा केले, तर बदललेला रिसेप्टर मूळ रिसेप्टरइतकाच चांगला निघाला. मसुदा गेला. करार वर्षावर्षाचा, व्हिसा त्या कराराला बांधलेला, आणि हातात शून्य. त्या रात्री घरी फोन केला नाही. आवाजावरून आईला कळलं असतं.

त्या काळात बाहेरची हवाही चांगली नव्हती. सबस्टन्स पी हा वेदनेचा निरोप्या, तर त्याचा एनके-१ रिसेप्टर अडवला की वेदना थांबेल, या आशेवर अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षं घालवली होती. प्राण्यांमध्ये जमत होतं, माणसांमध्ये नाही. चाचण्या एकामागून एक पडल्या. शेवटी २००३ मध्ये असं औषध बाजारात आलं ते अ‍ॅप्रेपिटंट, आणि तेही किमोथेरपीनंतरच्या उलट्या थांबवायला! माझ्या मते ती कामगिरी लहान नाही. ज्यांनी त्या उलट्या सोसल्यात त्यांना विचारावं. पण ग्रँटच्या अर्जात ‘वेदना’ आणि ‘सबस्टन्स पी’ हे शब्द एकत्र दिसले की परीक्षक अर्ज बाजूला ठेवत. दोन वर्षांत मी दोनदा बिऱ्हाड हलवलं. दोन्ही वेळा सामानाआधी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या डब्यांची यादी केली.

मी बधिरपणावर टिकून राहिले. सबस्टन्स पीला चमकणारा रंग जोडायचा आणि पेशी मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या. सुरुवातीला पेशीची कडा चमकते, अगदी रेघ ओढल्यासारखी. पेशीत कॅल्शियम उसळतं (सिग्नल पोहोचल्याची ती खूण), मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. तोवर कडेला खळ्या पडू लागतात, आणि पाहता पाहता ती रेघ तुटून आत ठिपके होतात. अरेस्टिन नावाच्या प्रथिनाने धरून रिसेप्टर पेशीच्या पोटात ओढलेला असतो. हे मी हजार वेळा तरी पाहिलं असेल आणि अजून कंटाळा आलेला नाही. आमच्या निबंधांमध्ये या चित्राखाली एक ठरलेलं वाक्य असे: रिसेप्टर आत गेला, सिग्नल संपला.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक निबंध आला. आत गेलेला एनके-१ रिसेप्टर गप्प बसलेला नसतो. त्या ठिपक्यांमधून, म्हणजे एंडोसोममधून, तो सिग्नल देतच राहतो, आणि वेदना लांबवण्यात त्याचा हात असतो. त्यांनी रिसेप्टर अडवणाऱ्या रेणूला कोलेस्टेरॉलसारखी चरबीची शेपटी जोडली, म्हणजे तो ठिपक्यांपर्यंत पोहोचेल. प्राण्यांमध्ये वेदनेवर त्याचा असर जास्त वेळ टिकला. जुन्या औषधांच्या अपयशाचं हे एकमेव कारण असेल असं मी म्हणणार नाही. माणूस आणि उंदीर यांत बरंच अंतर आहे. पण निबंध वाचून मी उठले आणि कपाटातली जुनी हार्ड डिस्क काढली.

सगळी रेकॉर्डिंग जागच्या जागी होती, माझ्याच अक्षरातल्या तारखांसह. कडा, खळ्या, ठिपके. ठिपके अगदी लख्ख. आणि प्रत्येक फाइल दहाव्या मिनिटाला संपत होती, कारण तोवर कॅल्शियम खाली आलेलं असायचं आणि पुढची डिश वाट बघत असायची.

सध्या माझी एक विद्यार्थिनी तोच प्रयोग करते. तिची रेकॉर्डिंग दोन तासांची असतात. मध्ये ती कानात काहीतरी घालून ऐकत बसते. मी दोनदा जाऊन बघून येते, तिला ते आवडत नाही हे माहीत असूनही.