अडलेली मांजर आणि एक तास चाळीस मिनिटं

चिमी व्याली त्याला आता तीन महिने होत आले. पिल्लं सुताच्या कांड्या घरभर लोळवत असतात, चिमी पुन्हा पहिल्यासारखी गुबगुबीत झाली आहे. तरी त्या सकाळचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. परवा आमच्याच गल्लीत एका घरची मांजर गाभण असल्याचं कळलं आणि तो पुन्हा उसळून आला. त्या वहिनींना दारात उभ्या उभ्या जे सांगितलं, तेच इथं नीट लिहितेय.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या खोलीत सासऱ्यांचा जुना हातमाग होता. माग मोडीत निघाला, पण विणणाऱ्याला पाय सोडून बसायचा खड्डा तसाच राहिला. चिमीनं बाळंतपणासाठी नेमका तोच धरला. आषाढात बेळगावच्या पावसात त्या खड्ड्याला ओल येते, भिंतीतून पाणी पाझरतं. मी खोक्यात जुनं इरकल अंथरून कॉटखाली अंधारात ठेवलं. तीन दिवस तिनं तिकडं बघितलंही नाही. मग खड्ड्यातलं तिच्या अंगाच्या वासाचं पोतं आणून इरकलाखाली घातलं, तेव्हा कुठं ती आत जाऊन झोपली.

दिवस मोजणं सोपं होतं. एप्रिलच्या शेवटी बोका छपरावर रात्र रात्र ओरडत होता. तिथून ६३ ते ६५ दिवस, म्हणजे नऊ आठवडे, दोन-चार दिवस मागंपुढं. तिसऱ्या आठवड्यात सडं गुलाबी होऊन वर आली तेव्हाच खात्री झाली होती.

मंगळवारी संध्याकाळी तिनं खाणं सोडलं. थर्मामीटर लावला तर ९९.२. मांजराचं अंग एरवी आपल्यापेक्षा गरम, १०१ च्या आसपास असतं. ते १०० च्या खाली उतरलं की बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात. रात्रभर ती इरकल उकरत होती, घुरघुरत होती, मध्येच तोंड उघडून धापा टाकत होती. पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी पहिलं पिल्लू आलं. तिनंच पिशवी फोडली, नाळ तोडली, वार खाल्ली, पिलाला चाटून कोरडं केलं. मी फक्त बघत बसले होते. पहिलटकरीण असून तिला सगळं येत होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकायला उठले.

त्यानंतर ती पिलाला पाजत निवांत पडली. त्याची काळजी नव्हती. दोन पिलांमध्ये तासाभराचं अंतर पडतं, कधी त्याहून जास्तही, आणि मांजर त्या वेळात झोपही काढते. काळजीची गोष्ट वेगळी असते. ६ वाजून १० मिनिटांनी तिनं जोर लावायला सुरुवात केली. पोट आवळायची, ओरडायची, पुन्हा आवळायची. साडेसहाला काळपट हिरवं पाणी आलं आणि त्यामागून एक शेपूट दिसलं. फक्त शेपूट. पाय नाहीत, डोकं नाही. असा जोर लावून वीस-तीस मिनिटांत पिल्लू बाहेर आलं नाही, तर मांजर अडली असं समजायचं आणि निघायचं. घड्याळ बघून वेळ कागदावर लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटं आणि पंचवीस मिनिटं सारखीच वाटतात.

पन्नासाव्या दिवशी ज्यांनी चिमीला तपासलं होतं ते डॉक्टर गावाला गेलेले. दुसरा एक खाजगी दवाखाना दहाला उघडणारा. म्हणून रिक्षा करून शहरातल्याच एका मोठ्या दवाखान्यात गेलो. चिमीला बुट्टीत घातलं, वर ओढणी बांधली. पहिलं पिल्लू कानटोपीत घालून सोबत घेतलं, कारण आईविना ते घरी तासाभरात गार पडलं असतं. हे फार महत्त्वाचं आहे: झालेली पिल्लं मागं ठेवून जाऊ नका. पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्याजवळ द्या, अंगाला थेट लावू नका.

पोचलो तेव्हा ७ वाजून १५ मिनिटं झाली होती. बाहेर शेळ्या, दोन कुत्री, एक वासरू. खिडकीवरच्या माणसाला मी सांगितलं, मांजर अडलीय, पिलाचं शेपूट बाहेर आहे.

"बेक्कु?" त्यानं विचारलं. मग मराठीतच म्हणाला, "मांजराला कशाला आणलाय? मांजराचं आपोआप होतंय. घरी न्या."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं केस पेपर पुढं सरकवला. तो कन्नडमध्ये छापलेला. मला कन्नड बोलता येतं, बाजारात माझं कुठं अडत नाही, पण वाचता येत नाही. मी मराठी शाळेत शिकले. तिथं लिहून देणारं कुणी नव्हतं. शेवटी कुत्र्याला घेऊन आलेल्या, शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीनं तो भरून दिला. ती म्हणाली, "काकू, ह्यात आकळ, एम्मे, कुरि, आडु, नायि एवढंच आहे. बेक्कु नाहीच." म्हणजे गाय, म्हैस, मेंढी, शेळी, कुत्रा; मांजर नाही. मी खिडकीवर विचारलं, काय करू? त्यानं कागद घेतला आणि त्यातल्या 'नायि'पुढं खूण केली. मग शिक्का मारणारा माणूस यायचा होता. मग शिक्का झाला तर डॉक्टरांबद्दल उत्तर मिळालं, "डॉक्टर इल्ल री." डॉक्टर नाहीत. केव्हा येतील? "नऊ, साडेनऊ. नाहीतर नाळे बर्री."

उद्या या. माझ्या हातातल्या बुट्टीत ती कळा देत होती आणि मला उद्या यायला सांगितलं. त्या बाकावर मी किती वेळा उठले आणि बसले, मोजलं नाही. दर दहा मिनिटांनी ओढणी बाजूला करून बघत होते. शेपूट तिथंच. आठच्या पुढं तिचा जोर कमी होत गेला. ते मला जास्त भयंकर वाटलं. तिला आराम पडला असं कुणी म्हणालं, पण ती थकली होती. अडलेलं पिल्लू आत असताना कळा मंदावल्या तर तो आराम नसतो, हे लक्षात ठेवा.

रांगेतल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला: म्हशीला पान्हा सोडायला टोचतात ते इंजेक्शन औषधाच्या दुकानातून आणा, पिल्लू लगेच पडेल. ते चांगल्या मनानं सांगत होते, आणि खरं सांगते, माझे पाय उठलेही होते. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की वाट अडलेली असताना त्या औषधानं गर्भपिशवी जोरात आवळते आणि फाटूही शकते. आत काय आहे हे तपासल्याशिवाय ते कधीच द्यायचं नसतं.

तेव्हा येळ्ळूरच्या एक मावशी पुढं आल्या. त्यांची शेळी दाराशी बांधलेली, त्यांचा नंबर पहिला. त्यांनी ओढणी वर करून बघितलं. "ही अडलीया की! शेपटाकडनं आलंय." माझ्या हातातली कानटोपी घेऊन पिल्लू त्यांनी स्वतःच्या ओटीत ठेवलं. "माझी शेळी थांबंल. तुमी आत जावा. खिडकीला इचारू नका, आतच जावा. मी बसतो तवर ह्याला घेऊन."

मी आत गेले. व्हरांड्याच्या टोकाला दार होतं, ढकललं. डॉक्टर तिथं बसलेले होते. लसींच्या नोंदी लिहीत होते, समोर चहाचा कप. खिडकीपासून वीस पावलांवर. कधीपासून आलेले, कोण जाणे. मला बोलता येईना. मी बुट्टी टेबलावर ठेवली. त्यांनी बघितलं आणि पहिलं वाक्य विचारलं, "किती वेळ झाला?" मी वेळा लिहिलेला कागद दाखवला. ते उठून हातमोजे घालता घालता म्हणाले, "मला हाक का मारली नाही कुणी?" भिंतीवरच्या घड्याळात ८ वाजून ५५ मिनिटं झाली होती.

त्यांच्यावर माझा राग नाही. पुढची दोन मिनिटं मी कधी विसरणार नाही. जेल लावलं, पिलाचे दोन्ही पाय आत पोटाखाली दुमडलेले होते ते बोटानं चाचपले, चिमीनं कळ दिली की तेवढ्यापुरतंच, खालच्या दिशेनं, हळू ओढलं. कळ नसताना ओढायचं नाही. पिल्लू आलं. चांगलं भरलेलं, काळं-पांढरं. मेलेलं होतं. मागच्या बाजूनं येणारं प्रत्येक पिल्लू मरतं असं नाही, मांजरात बरीच पिल्लं मागच्या पायांवर येतात आणि जगतात. हे पाय दुमडून, शेपटाकडून आलं आणि वाटेत फार वेळ राहिलं. लवकर आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण मी लवकरच आणलं होतं. ७ वाजून १५ मिनिटांनी मी त्या दारात उभी होते.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे. खिडकीवर "मांजर व्यायला आणलीय" म्हणू नका. "अडलीय" म्हणा, कन्नडमध्ये "अर्जंट ऐत्री" म्हणा, मोठ्यानं म्हणा, आणि डॉक्टर दिसेपर्यंत आत चालत राहा. कागद नंतर भरता येतो. आणि आधीच, पन्नासाव्या दिवसाच्या आसपास, दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा: मांजराचं बाळंतपण कोण करतं, पहाटे फोन कोण उचलतं, शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुठं होईल. त्याच सुमारास एक्स-रे काढला तर पिलांची हाडं दिसतात आणि संख्या कळते. मी तो काढला नव्हता. तिथं काढला तेव्हा कळलं, आत अजून दोन आहेत.

तिसरं तिथंच टेबलावर, ९ वाजून ४० मिनिटांनी. श्वास घेईना. डॉक्टरांनी नाकातोंडातला चिकट द्रव पुसला, डोकं किंचित खाली धरून खरखरीत टॉवेलनं पाठ चोळली, चोळतच राहिले. किती वेळानं ते ओरडलं तेव्हा मला रडू फुटलं. काहीजण पिल्लू हातात धरून झटकतात, तसं करू नका, मेंदूला इजा होते. चौथं दुपारी बारा वाजता घरी, काही त्रास न होता.

पुढचं सोपं गेलं. वजनाला आमचा सूत तोलायचा काटा कामी आला: ९५, १०२ आणि ८८ ग्रॅम. पिल्लू रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. ८८ वालं, म्हणजे ते टेबलावर रडलेलं, दोन दिवस वाढेना. पहिल्या दिवशीचा चीक त्याला मिळेल म्हणून बाकीच्यांना बाजूला करून त्यालाच सडाला लावत होते. वर पिलांसाठीची दुधाची पावडर कॅम्पातून आणून दोन-दोन तासांनी दिली. गायीचं दूध देऊ नका, हगवण लागते. आणि पाजताना पिल्लू पोटावर पालथं ठेवायचं; माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

शेजारच्या काकू फिनेलनं खोली पुसायला निघाल्या होत्या, त्यांना मी दारातच थांबवलं. फिनेल मांजराला विषारी असतं, चाटूनच ते पोटात जातं. साबणाचं पाणी पुरतं. पॅरासिटामॉलही कधी नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

नवव्या दिवशी डोळे उघडले. त्याच आठवड्यात चिमीनं पिल्लं तोंडात धरून एकेक करत पुन्हा मागाच्या खड्ड्यात नेली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात; आमच्याकडं बघायला येणारी माणसं फार झाली होती, हे त्याचं कारण. तोवर पाऊस थोडा उघडला होता. खड्ड्यात फळी टाकून वर सतरंजी घातली आणि माणसांना बंदी केली.

वार मोजायची राहिली होती. पिलागणिक एक वार पडते. आम्हाला चारापैकी तीनच दिसल्या, एक तिनं पहिल्या पिलाच्या वेळी खाल्लेली. तरी आठवडाभर तिचं अंग गरम होतंय का, स्रावाला घाण वास येतोय का, हे बघत राहिले. दूध पाजणारी मांजर अचानक थरथरायला, लडखडायला लागली तर तेही लगेच दवाखान्याचं काम, रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. आणि पिल्लं पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. दारं-खिडक्या बंद ठेवा. पिल्लं दूध तोडल्यावर मी चिमीची शस्त्रक्रिया करून घेतली, दुसऱ्याच डॉक्टरांकडं.

येळ्ळूरच्या मावशींना मी त्या दिवशीच शब्द दिला होता. त्यांच्या भाताच्या कणगीत उंदीर फार. गेल्या रविवारी त्या आल्या, चिमीसाठी नाचणीच्या भाकरीबरोबर सुकट घेऊन. तिन्ही पिल्लं समोर खेळत होती. मी म्हटलं, कुठलंही घ्या. त्यांनी विचारलं, "माझ्या वटीत बसलेलं कंचं?" मी पहिलं दाखवलं. त्यांनी ते उचलून पुन्हा ओटीत घातलं आणि एसटीला उशीर होतोय म्हणत निघाल्या. चिमी दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर बसून राहिली, दिवे लागेपर्यंत.