ओल फक्त अंड्यांपुरती: खान्देशात रातकिडे वाढवताना

लेपर्ड गेको (एक पाल) किंवा बिअर्डेड ड्रॅगन (एक सरडा) पाळणाऱ्याला जळगाव-धुळ्याकडे पहिली अडचण येते ती जिवंत खाद्याची. लांबून मागवलेले रातकिडे उन्हाळ्यात पार्सलमध्येच मरतात. त्यापेक्षा घरी वाढवलेले बरे, आणि आपली हवा त्यासाठी चांगली आहे. रातकिड्याला घर लागतं उबदार आणि कोरडं. ओल लागते ती अंड्यांना. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की डबा बसलाच म्हणून समजा.

सुरुवात रातकिड्याच्या घरगुती जातीपासून, म्हणजे ‘हाउस क्रिकेट’पासून करा. रंग गव्हाळ, डोक्यावर आडवे गडद पट्टे. पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके असलेला काळा रातकिडाही चालतो, पण तो फार किरकिरतो आणि चावतोही. शेतातून पकडून मात्र आणू नका. कपाशीवर, केळीवर झालेली फवारणी त्यांच्या पोटातून तुमच्या प्राण्याच्या पोटात जाते, शिवाय जंतही येतात.

पन्नास-साठ लिटरचा, गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणाला मोठा चौकोन कापून धातूची बारीक जाळी बसवा, नायलॉनची ते कुरतडतात. आत वरच्या काठाला चार बोटं रुंद चिकटपट्टी फिरवली की चढणारे घसरतात. अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावा, म्हणजे विष्ठा तळाला पडते. तळ उघडाच ठेवा. माती-भुसा घातला की ओल धरते आणि साफ करता येत नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून डब्याच्या स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

अंड्यांसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा पुरतो. त्यात चार-पाच सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) भरा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, एवढीच ओल. वर जाळी टाका, नाहीतर बाकीचे उकरून अंडी खातात. मादीच्या शेपटाकडच्या दोन काट्यांमध्ये सुईसारखी लांब नळी असते. ती जाळीवर थांबते, पाठीला बाक देते, नळी सरळ खाली रोवते, जरा वेळ स्थिर राहते आणि मग दोन पावलं सरकून पुन्हा तेच. अंडं तांदळाच्या बारीक कणीसारखं दिसतं.

दोन-तीन दिवसांनी ही डबी वेगळ्या डब्यात हलवा. ३० ते ३२ अंशांना साधारण आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात, गारव्यात दोन आठवडे किंवा जास्तही लागतात. एप्रिल-मे महिन्यात कोकोपीट दिवसात वाळतं आणि वाळलेलं अंडं पुन्हा भिजवून उपयोग नाही. सकाळ-संध्याकाळ बोट लावून बघा, हलका फवारा मारा. पिल्लं मुंगीएवढी असतात, पाण्याच्या थेंबातही बुडतात. त्यांना ओला स्पंज किंवा गाजराची चकती द्या. उबेत राहिली तर सहा-सात आठवड्यांत मोठी होतात, म्हणून दर पंधरवड्याला नवी डबी लावावी.

खाद्य म्हणजे गव्हाचा कोंडा आणि कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर, निम्मं-निम्मं. प्रथिनं कमी पडली की नुकती कात टाकलेले, पांढरे मऊ रातकिडे बाकीचे खाऊन टाकतात. सरकीची पेंड इथं घरोघरी असते, पण ती नको. कपाशीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य म्हणजे झाडाचं किड्यांविरुद्धचंच हत्यार आहे. भाजीत गाजर, लाल भोपळा, दारच्या शेवग्याचा पाला. बाजारच्या फवारलेल्या पाल्यानं एका रात्रीत सगळा डबा मरू शकतो. भाजी संध्याकाळी घाला, सकाळी उरलेली काढा.

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत डबा टिकत नाही. धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर असेल तर उत्तम, नाहीतर तळमजल्याची उत्तरेकडची खोली. कूलरच्या झोतात ठेवू नका, ती हवा दमट असते. पावसाळा त्याहून वाईट: विष्ठा ओली होते, अमोनियाचा वास सुटतो, बारीक तपकिरी पूड चालताना दिसते. ती पूड म्हणजे माइट्स, कोळ्याच्या कुळातले सूक्ष्म जीव. डबा रिकामा करून धुवा, कडक वाळवा, ट्रे फेकून द्या. हिवाळ्यात रात्री उबेसाठी डब्याबाहेर, कागदापासून लांब, चाळीस वॉटचा जुना तारेचा बल्ब लावा.

खायला द्यायच्या आदल्या दिवशी रातकिड्यांना शेवगा आणि गाजर भरपूर खाऊ घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. रातकिड्यात मुळात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट जास्त, म्हणून देताना पिशवीत कॅल्शियम पावडरीत घोळवा. नाहीतर प्राण्याची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. रातकिडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. पंधरा-वीस मिनिटांत न खाल्लेले उचलून घ्या, कारण उपाशी रातकिडा झोपलेल्या गेकोची बोटं कुरतडतो.