तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेम सापडलं ते एका करात

“तेव्हा लग्नं पाळण्यात ठरायची. मग तुम्हाला प्रेमकथा सापडली कुठे?” माझी पहिली कादंबरी पेशवाईतली प्रेमकथा आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात थोडी शंकाही असते, की बाईंनी आजचं प्रेम नऊवारीत गुंडाळलंय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ती मला एका करात सापडली.

पानिपतानंतरची वर्षं घ्यायची, एवढं आधीपासून ठरलं होतं. १४ जानेवारी १७६१ला रणावर राहिलेल्या कितीतरी माणसांची नक्की खबर घरी कधी आलीच नाही. खुद्द सदाशिवरावभाऊंचंच बघा. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई लढाईतून जिवंत परतल्या, पण भाऊ गेले हे त्यांनी कधी मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला. लोक त्याच्या मागे गेले, आणि १७७६मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाई गेल्या १७८३मध्ये. बावीस वर्षं एक बाई ‘नाही’ म्हणत राहिली.

मला ते वाट पाहणं लिहायचं होतं. पण त्या वाड्यातलं प्रेम फक्त मागे वळून बघू शकत होतं. ब्राह्मण घरातल्या विधवेला पुढचा दरवाजाच नव्हता. दीडशे पानं लिहून मी थांबले, कारण माझी नायिका नुसती उंबऱ्याशी उभी होती.

मग पेशवाईतले कागद वाचता यावेत म्हणून मोडी लिपी शिकायला घेतली. त्या लिपीत शब्द तोडत नाहीत, वाक्य कुठे संपलं ते डोळ्याला कळत नाही. त्यात तारखा अरबी अंकशब्दांतल्या. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, त्या कागदांतल्या कालगणनेचं, शुहूर सन ११६१. हे सन मृगाला सुरू होतं, म्हणून पानिपतचा जानेवारी त्यातच येतो. हे कळायच्या आधी माझ्या टिपणांतली निम्मी सालं एका वर्षाने चुकलेली होती. सगळी पुन्हा मांडली.

इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात छापलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड हाताशी होते. पण प्रेम शोधत मी त्यांतली पत्रं वाचली, आणि पत्रांत होत्या फौजा, कर्जं, ‘लोभ असो द्यावा हे विनंती’. गावगाड्याच्या जमाखर्चाकडे वळले ते केवळ धान्याचे भाव हवे होते म्हणून. तिथे करांच्या यादीत लग्नटक्याच्या शेजारी शब्द होता: पाटदाम.

पाट म्हणजे विधवेचं, किंवा सोडचिठ्ठी मिळालेल्या बाईचं, दुसरं लग्न. कुणबी, माळी, साळी, अशा कितीतरी जातींत ते रीतसर होत असे, आणि सरकार त्यावर पैसा घेत असे. हे मला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं वेगळं आणि तो शब्द आकड्यासमोर बसलेला पाहणं वेगळं. सरकार ज्यावर कर बसवतं ते लपूनछपून होत नसतं. म्हणजे गावोगाव बायका आयुष्याच्या मध्यावर, कळत्या वयात, दुसऱ्या माणसाला ‘हो’ म्हणत होत्या. पाळण्यात नव्हे. त्या संध्याकाळी मी ती दीडशे पानं बाजूला ठेवली आणि सासवडकडच्या एका कुणबिणीपासून पुन्हा सुरुवात केली.

तिचा नवरा बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, पानिपतावरून न आलेला. त्याच्याच पथकातला एक जण मात्र आलेला. पाट लावायचा तर आधी नवरा मेला असं कुणीतरी सांगायला हवं. सांगू शकतो तो एकच माणूस, आणि त्याचाच तिच्यावर जीव आहे. त्याने मित्राला पडताना पाहिलंय, मेलेला पाहिलेला नाही. गोत, म्हणजे जातीची पंचायत, विचारतं तेव्हा त्याने काय बोलावं? एवढ्या एका प्रश्नावर माझी दोन वर्षं गेली.

‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य पुस्तकात कुठेच नाही, हेही मला विचारतात. ते तिच्या तोंडी बसेना. संतांच्या अभंगात प्रेम आहे, पण शेतात खुरपणारी बाई ते माणसाला असं उघड म्हणेल, यावर माझा विश्वास बसला नाही. ती त्याला म्हणते, “दिस बुडायच्या आत या.” ते लिहिलं तेव्हा मला रडू आलं. बारीक गोष्टींतही जीव घातलाय. एकादशीला मी तिला साबुदाणा खाऊ घातला होता. एका वडीलधाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की तो आपल्याकडे फार पुढे आला. मग वरीचे तांदूळ आले. काडेपेटी गेली, चकमक आली. विस्तव मागायला शेजारी जाणं आलं, आणि त्या जाण्यायेण्यातच दोघांच्या तीन भेटी झाल्या, ज्या मला आधी सुचत नव्हत्या.

पाट रात्री लागायचा, वाजंत्रीचा थाट नाही. तो प्रसंग मी सहा वेळा लिहिला. शेवटी ठेवला त्यात ती निघण्याआधी नवऱ्याची खुंटीवरची पागोटी काढते, झटकते, घडी घालते आणि सासूच्या हातात देते. सासू ती घेते.

त्यानंतर कारकुनाच्या हातची एक ओळ आहे. पाटदाम, आणि पुढे रक्कम. नावं नाहीत.