गिरणीचा बेल्ट, त्याचा ताण आणि झिजलेली पुली : माझा अनुभव

गिरणीचा बेल्ट किंचाळायला लागला की आपल्याकडे एकच उपाय सांगतात : आवळा. मेकॅनिक आवळतो, दुकानदार आवळायला सांगतो, शेजारगावचा गिरणीवाला सहज आला तरी अंगठ्याने बेल्ट दाबून म्हणतो, "अजून थोडा आवळून घ्या." या एका शब्दापायी माझी दिवाळीची अर्धी कमाई बुडाली आणि मोटारीचं एक चांगलं बेअरिंगही गेलं. राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांच्याकडे गिरणी, मिरचीकांडप, कडबाकुट्टी असं बेल्टवर चालणारं काहीही आहे त्यांनी जरूर वाचावं.

आमची गिरणी मेहकर तालुक्यातल्या एका गावात आहे. सासऱ्यांनी उभी केली, आता मी चालवते. १० एचपीची मोटार, १४४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तितके फेरे. मोटारीवर ५ इंची पुली (बेल्ट ज्यावर चढतो ते खाचांचं चाक), चक्कीवर १२ इंची, म्हणजे दगड मिनिटाला ६०० फेरे घेतो. मधे बी सेक्शनचे तीन बेल्ट, बी-६८ मापाचे. सेक्शन म्हणजे बेल्टच्या रुंदी-जाडीचं ठरलेलं माप, ६८ ही इंचातली लांबी. शेजारच्या खोलीत गहू-ज्वारी साफ करायची चाळणी आहे, ती चेनवर चालते.

दसरा झाला की भाजणी, लाडवाचं बेसन यांची रांग लागते. नेमकं तेव्हाच सुरू झालं. रिकामी चक्की गुपचूप चालायची, पण टोपल्यात धान्य ओतून दगड जवळ आणला की बेल्ट किंचाळायचे, दगड मंदावायचा आणि पीठ जाड पडायचं. चालू करताना क्षणभर आवाज येणं निराळं, दळताना येणं निराळं. दळताना येतो म्हणजे बेल्ट घसरतोय.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने मोटारीचे पायाचे बोल्ट सैल केले, मोटारीमागे पहार घातली, अंग टाकून मोटार मागे रेटली आणि बोल्ट आवळले. आवाज थांबला. त्याचे पैसे दिले. थोड्याच दिवसांत आवाज परत. तो परत आला, परत पहार. बेल्ट तंबोऱ्याच्या तारेसारखे ताठ झाले, तरी भर टाकला की घसरायचे ते घसरायचेच. मग म्हणाला, बेल्टच संपलेत, तीन नवे आणा.

तालुक्याच्या दुकानात गेले तर दुकानदाराने दोन बेल्ट एका कंपनीचे आणि एक दुसऱ्या कंपनीचा काढून समोर ठेवला. "माप एकच आहे ताई, काही फरक पडत नाही." फरक पडतो. तीन बेल्ट एकत्र ओढायचे तर तिघांची लांबी अगदी सारखी लागते. एक जरा लहान निघाला तर सगळा भार तोच घेतो, आधी तोच तुटतो, आणि बाकीचे दोन नुसते फिरत राहतात. म्हणून सेट घ्यायचा तो एका कंपनीचा, जमलं तर एकाच लॉटचा, आणि बदलताना तिन्ही एकदम बदलायचे. दोन जुने ठेवून एक नवा घालायचा नाही. मी दुकानातून हलले नाही. शेवटी त्याने सेट मागवून द्यायचं कबूल केलं, पण त्यासाठी थांबावं लागलं आणि तेवढे दिवस गिरणी बंद. दारात डबे ठेवून बायका दुसऱ्या गावी दळायला गेल्या.

नवे बेल्ट बसले आणि भर टाकला की पुन्हा तोच आवाज!

यावेळी मेकॅनिकने बेल्टला राळ लावली. हे कुणी करू देऊ नका. राळ किंवा बेल्टचं मेण लावलं की तेवढ्यापुरती पकड येते, पण रबर मऊ पडतं आणि गिरणीत उडणारं पीठ त्यावर थर धरून बसतं. नंतर त्याने परत पहार हातात घेतली. मी विचारलं, "दादा, ताण किती द्यायचा याचं काही माप असेल ना?" तो म्हणाला, "वहिनी, हे हाताच्या अंदाजाचं काम आहे. इतकी वर्षं करतोय." आणि आवळलं.

त्यानंतर मोटारीचा पुलीकडचा भाग तापायला लागला. आधी हात ठेवता यायचा, मग ठेववेना. घरघर सुरू झाली. बेअरिंग गेलं होतं. बॉल बेअरिंगवर दुप्पट भार पडला की त्याचं आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. आठ वर्षं चालणारं बेअरिंग एका वर्षात संपणार. बेल्ट वाजवीपेक्षा जास्त ओढला की तो भार थेट पुलीकडच्या बेअरिंगवर येतो, आणि घसरणं थांबलेलं नसतंच. यावर मेकॅनिकचं उत्तर, "तुमची मोटारच जुनी झाली."

बेअरिंग बदलायला बेल्ट उतरवलेले होते. तेव्हा मी पुली चिंध्यांनी स्वच्छ पुसली आणि बॅटरी मारून खाचेत बघितलं. तिन्ही खाचांचा तळ आरशासारखा चकाकत होता. बेल्ट नवे, तरी बसवले की पुलीच्या कडेच्या खाली बुडायचे. इतके दिवस हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

यातलं मर्म सांगते. गिरणीचा हा बेल्ट म्हणजे व्ही-बेल्ट, खाली निमुळता होत गेलेला. तो तळाने ओढत नाही, बाजूंनी ओढतो. खाच निमुळती असते, बेल्ट तिच्यात पाचर होऊन रुततो आणि त्या रुतण्यातूनच सपाट पट्ट्याच्या कितीतरी पट पकड मिळते. बी सेक्शनचा बेल्ट वर १७ मिमी रुंद आणि ११ मिमी जाड असतो. खाचेच्या बाजू झिजून आत वळल्या की बेल्ट खाली जातो आणि तळाला टेकतो. एकदा तळाला टेकला की पाचर संपली. मग कितीही आवळा, ताण वाढतो, पकड फारशी वाढत नाही. चांगल्या खाचेत बेल्टची पाठ पुलीच्या कडेबरोबर किंवा किंचित वर असते आणि तळाशी मोकळी जागा असते. तळ चकाकत असेल तर पुली गेली.

मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, "पुली बिडाची आहे वहिनी, ती कशी झिजेल? झिजतो तो बेल्ट." दुकानदारालाही फोटो दाखवला, तो म्हणाला बेल्ट बदलून बघा. आत्ताच त्याच्याकडून घेतलेले बेल्ट! मोटारीच्या पुलीवरून बेल्ट मिनिटाला पावणेसहाशे मीटर धावतो, सोबत पिठाची आणि मातीची बारीक धूळ असते. वर्षानुवर्षं असं चालल्यावर बीडही झिजणारच. त्यातही लहान पुली आधी, कारण मोठीचा एक फेरा होतो तोवर तिचे जवळजवळ अडीच होतात.

माझा भाचा आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. त्याने खाच तपासायचा गेज आणला, बेल्टच्या आकाराची साधी पातळ पट्टी असते ती. पट्टी खाचेत धरून मागून उजेड टाकला की बाजूला फट दिसते. पाऊण-एक मिलिमीटर फट दिसली की पुली बदलायची. माझ्या पुलीत तर पट्टी हलत होती. मोठी पुली मात्र ठीक निघाली.

आता पुली हवी होती. तालुक्याच्या दुकानात ५ इंची, तीन खाचांची, बी सेक्शनची पुली नव्हती. रोज "उद्या येईल" ऐकलं. मधेच तो ए सेक्शनची काढून द्यायला लागला, "बसवून बघा, चालते कधी कधी." ए सेक्शनचा बेल्ट १३ मिमी रुंद असतो, त्या खाचेत १७ मिमीचा बेल्ट वरच तरंगणार. लेथवाल्याने जुनीच पुली खोल कापून देतो म्हटलं, पण मग पुली लहान होते आणि दगडाचे फेरे घटतात. शिवाय खाचेचा कोन विचारला तर त्याला सांगता आला नाही. कुणाला कापून घ्यायचीच असेल तर हे लक्षात ठेवा : बी सेक्शनच्या लहान पुलीला ३४ अंश आणि मोठीला ३८ अंश लागतो, कारण लहान गोलाईत वाकताना बेल्ट आतून फुगतो. सगळ्या पुल्या एकाच अंशात कापणाऱ्याकडे जाऊ नका. शेवटी मी आणि भाचा सकाळच्या एसटीने जालन्याला गेलो आणि संध्याकाळी पुली पिशवीत घालून घरी आलो. इतके दिवस अडलेलं काम एका दिवसात झालं, याचा आनंद झाला आणि संतापही तितकाच आला.

आता ताण कसा दिला ते. मेन स्विच बंद केला, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवले. हे आधी करा आणि दुसऱ्या कुणाच्या भरवशावर करू नका. साडी, ओढणी असेल तर वरून ॲप्रन घट्ट बांधा. बेल्टवरची जाळी काम झाल्याबरोबर परत बसवा, ती कोपऱ्यात ठेवलेल्या गिरण्या मी बऱ्याच पाहिल्यात.

मोटार पुढे घेऊन बेल्ट हाताने सहज घातले. स्क्रूड्रायव्हर घालून पुलीच्या कडेवरून चढवायचे नाहीत, आतले धागे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. मग दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरा ताणला. तो चारही ठिकाणी टेकला पाहिजे. एका ठिकाणी जरी फट राहिली तर मोटार तिरकी आहे, आणि तिरक्या मोटारीवर बरोबर ताण देऊनही बेल्ट एका अंगाने झिजतो.

माप असं : दोन पुल्यांमधला बेल्टचा मोकळा भाग मोजायचा. माझ्याकडे तो ५३ सेंमी आहे. दर १०० मिमीला १.६ मिमी या हिशोबाने मधोमध साधारण साडेआठ मिमी दबायला हवा. आणि तेवढा दबायला किती जोर लागतो तेच खरं माप. बेल्ट कंपन्यांच्या तक्त्यात सेक्शन आणि लहान पुलीचा व्यास यांवरून ते मिळतं. माझ्या पुलीला अंदाजे अडीच ते साडेतीन किलो, नव्या बेल्टला वरच्या अंगाने. रद्दीवाले वापरतात तसला हुकाचा स्प्रिंगकाटा बेल्टच्या मधोमध अडकवला आणि ओढला. शेजारच्या बेल्टच्या पाठीवर पट्टी धरली की किती सरकला ते दिसतं. तिन्ही बेल्ट वेगवेगळे मोजायचे.

पहारीची गरज नाही. मोटारीखालच्या रेलला ॲडजस्टिंग बोल्ट असतात. ते गंजलेले असतील तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा, सारखे फिरवायचे. मधे चक्की हाताने चार-दोन फेरे फिरवायची, म्हणजे बेल्ट खाचेत नीट बसतात. पायाचे बोल्ट आवळले की मोटार थोडी सरकते, म्हणून शेवटी दोरा आणि काटा पुन्हा लावायचे. मेकॅनिकचा ताण आम्ही काट्याने मोजला नव्हता, पण एवढं खरं की या मापाला बेल्ट त्याच्यापेक्षा कितीतरी सैल वाटतात. भाच्यालाही क्षणभर शंका आली. टोपलं भरून दगड जवळ आणला. आवाज नाही. पीठ हातात घेऊन चोळलं, हवं तसं बारीक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नवे बेल्ट पहिल्या दिवसा-दोन दिवसांत ताणतात आणि खाचेत बसतात, तेव्हा पुन्हा काटा लावायचा. हे राहिलं तर नवे बेल्टही घसरून जळतात.

एक मघाशी राहिलं. जादाचा सेट आणून ठेवलात तर खिळ्याला टांगू नका, जिथे टेकतो तिथे बेल्ट मोडतो. सैल गुंडाळून, उन्हापासून आणि तेलापासून दूर ठेवा.

आता चाळणीच्या चेनचं. चेनला बेल्टसारखा ताण द्यायचा नसतो, ती दातांवर ओढते, पकडीवर नाही. ती ताठ केली की पिना आणि बेअरिंग दोन्ही झिजतात. खालच्या सैल बाजूला मधोमध दोन टक्क्यांच्या आसपास झोळ हवा. माझ्या चाळणीत दोन चाकांतलं अंतर ६० सेंमी आहे, तर झोळ साधारण १२ मिमी. मात्र चाक पूर्ण फिरवून जिथे सर्वात घट्ट लागते तिथे मोजा. चेन लांबली का हे बघायला ती ताणून १२ कड्या मोजायच्या. अर्धा इंची चेनच्या १२ कड्या नव्या असताना १५२.४ मिमी भरतात. १५७ च्या जवळ गेल्या की आवळत बसू नका, चेन बदला. आणि चाकांचे दात हुकासारखे वळलेले असतील तर चाकंही बदला, नाहीतर जुन्या चाकावर नवी चेन लवकर जाते. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या जोडकडीची क्लिप लावताना तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवा. उघडं तोंड पुढे राहिलं तर कशालाही अडकून क्लिप उडते.